घातांक २ आला कुठून?

जनुकांच्या जाळ्याचं गणिती मॉडेल मांडणारा कुठलाही पेपर घ्या. गोषवारा सोडून द्या, रंगीत आलेखही बाजूला ठेवा, आणि थेट पुरवणीतला पॅरामीटर्सचा तक्ता काढा. एमआरएनएचं अर्धायुष्य इतकी मिनिटं, शेजारी संदर्भ. प्रथिन तयार होण्याचा वेग अमुक, शेजारी संदर्भ. मग एक ओळ येते: हिल घातांक, २. तिच्या शेजारचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, नाहीतर तिथे नुसतं ‘गृहीत’ असं लिहिलेलं असतं. कधी २ च्या जागी ४ असतात. फरक का, हे कुणी विचारत नाही.

आजची पोस्ट या एका ओळीवर आहे. त्या तक्त्यातला सगळ्यात कमी चौकशी होणारा आकडा हाच, आणि मॉडेलचं उत्तर ‘हो’ येणार की ‘नाही’ हे ठरवण्यात सगळ्यात मोठा हातही त्याचाच, असं माझं म्हणणं आहे. उदाहरण म्हणून मी एखादा पडेल पेपर शोधलेला नाही. या क्षेत्रातला सगळ्यात लाडका पेपर घेतलाय. मलाही तो आवडतो, आणि म्हणूनच त्याची जरा कडक तपासणी करावीशी वाटते.

आधी हा घातांक आला कुठून ते बघू. जनुकांशी त्याचा मुळात काहीच संबंध नव्हता. १९१० साली केंब्रिजमध्ये आर्चिबाल्ड हिल नावाचा तेवीस वर्षांचा तरुण हिमोग्लोबिनच्या आलेखाशी झटत होता. ऑक्सिजनचा दाब हळूहळू वाढवत नेला की हिमोग्लोबिन किती भरतं? आलेख सुरुवातीला रेंगाळतो, मध्येच झपकन चढतो आणि वर जाऊन पुन्हा सपाट होतो. एका रेणूला एकच ऑक्सिजन चिकटत असता तर सुरुवातीचं हे रेंगाळणं दिसलं नसतं. हिलनं सूत्रात ऑक्सिजनच्या दाबाला एक घातांक लावला आणि तो घातांक प्रयोगातल्या बिंदूंशी जुळेल असा निवडायचा, असं ठरवलं. बिंदू छान जुळले. हिमोग्लोबिनसाठी हा घातांक साधारण २.८ धरला जातो.

आता २.८ म्हणजे काय? दोन ऑक्सिजन आणि तिसऱ्याचा बराचसा भाग? अर्थात नाही. पुढे १९२५ मध्ये गिल्बर्ट अडेरनं दाखवलं की हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर चार जागा असतात आणि त्या पायरीपायरीनं भरतात. म्हणजे खरा आकडा चार, आणि हिलच्या सूत्रातला २.८. हिलला याची कल्पना होती. आपला हेतू अशा प्रकारचं समीकरण सगळ्या निरीक्षणांना पुरतं का एवढंच बघण्याचा आहे, त्यातल्या अक्षरांना थेट भौतिक अर्थ देण्याचा नाही, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. १९२२ चं नोबेल त्याला स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या कामासाठी मिळालं. पण आज त्याचं नाव रोज घेतलं जातं ते मात्र या सूत्रामुळे. आणि सूत्रासोबत त्यानं लावलेली सूचनेची चिठ्ठी वाटेत कुठेतरी गळून पडली.

हे सूत्र जनुकांकडे आलं कसं, तर सोयीमुळे. समजा एक प्रथिन दुसऱ्या एका जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या नियंत्रणाच्या जागेवर, बसून त्याला गप्प करतं. प्रथिन जितकं जास्त, तितकं त्या जनुकाचं उत्पादन कमी. किती कमी? इथे हिलचं सूत्र उलटं करून वापरतात: उत्पादन म्हणजे कमाल वेग भागिले १ अधिक प्रथिनाच्या प्रमाणाचा अमुक घात. घातांक १ असेल तर ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं चालतं, फिरवाल तसा वेग हळूहळू कमी होतो. घातांक मोठा असेल तर ते बटणासारखं वागतं: काही नाही, काही नाही, आणि खट्.

हा चढ मोजायची एक सोपी पद्धत आहे आणि पुढे ती लागणार आहे, म्हणून इथे जरा थांबा. प्रथिनाचं प्रमाण १ टक्क्यानं वाढलं तर पुढच्या जनुकाचं उत्पादन किती टक्क्यांनी घटतं? या आकड्याला आपण ‘जोर’ म्हणू. हिलच्या सूत्रात प्रथिन कितीही ओतलं तरी जोर घातांकापर्यंत पोचत नाही, त्याच्या खालीच राहतो. म्हणजे घातांक २ असेल तर जोर १.९, १.९५ होईल, पण २ कधीच नाही. घातांक ही जोराची कमाल मर्यादा.

आता तो लाडका पेपर. २००० साली नेचरमध्ये मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लेब्लर यांनी प्रिन्स्टनमधून एक काम प्रसिद्ध केलं. त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत तीन जनुकांचं एक वर्तुळ बसवलं. पहिल्याचं प्रथिन दुसऱ्याला दाबतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, आणि तिसऱ्याचं परत पहिल्याला. तीन प्रथिनं म्हणजे लॅकआय, टेटआर आणि लॅम्डा विषाणूतलं सीआय. निसर्गात या तिघांची अशी साखळी कुठेही नाही, ती कागदावर आखून मग प्लाझमिडवर बांधली. जिवाणूच्या पेशी हिरव्या प्रकाशानं उजळत आणि मंदावत राहिल्या. एका चक्राला सरासरी १६० मिनिटं लागत होती, त्यात ४० मिनिटांचा कमीजास्तपणा. पेशी मात्र ५० ते ७० मिनिटांत विभागत होत्या, म्हणजे घड्याळाचा एक फेरा पुरा व्हायच्या आत पेशीच्या दोनतीन पिढ्या उलटत होत्या. त्यांनी या वर्तुळाला रिप्रेसिलेटर असं नाव दिलं.

हे काम इतकं गाजलं याचं कारण नुसतं घड्याळ नाही. आधी मॉडेल, मग बांधणी, असा त्यांचा क्रम होता. मॉडेलनं सांगितलं की दोलनं हवी असतील तर प्रमोटर जोरकस हवेत, गळती कमी हवी, आणि प्रथिनाचं आयुष्य एमआरएनएच्या आयुष्याच्या जवळपास हवं. जिवाणूतली अशी प्रथिनं एरवी बराच काळ टिकतात. म्हणून त्यांनी प्रत्येक प्रथिनाला एक छोटी शेपटी जोडली. ती दिसली की पेशीतले प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी यंत्रं, त्याला ओळखून फस्त करतात. गणितानं जीवशास्त्राला काहीतरी करायला सांगितलं आणि ते चाललं! अभ्यासक्रमात हा पेपर असाच शिकवला जातो.

त्यांच्या मॉडेलमधले आकडेही पेपरातच दिलेले आहेत: एमआरएनएचं अर्धायुष्य २ मिनिटं, प्रथिनाचं १० मिनिटं, एका एमआरएनएपासून २० प्रथिनं, उत्पादन निम्म्यावर आणायला पेशीमागे ४० रेणू. आणि हिल घातांक २.

या २ ला हात लावून बघू. त्यासाठी आधी वर्तुळ का डोलतं ते समजून घ्यावं लागेल. गणिताचा धसका असलेल्यांनीही हा परिच्छेद सोडू नये, यात नुसता गुणाकार आहे.

बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ आणि शॉवर यांच्यात लांब पाइप असेल तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी गार लागतं, तुम्ही नळ सोडता, लगेच काही होत नाही, आणखी सोडता, आणि मग एकदम चटका. घाईनं बंद करता, थोड्या वेळानं अंगावर बर्फ. दुरुस्ती उशिरा पोचते, म्हणून ती उलटीच पडते. रिप्रेसिलेटरमध्येही तेच होतं. एक अख्खा फेरा पुरा होताना दुरुस्ती अर्ध्या चक्रानं, म्हणजे १८० अंशांनी, उशिरा पोचली पाहिजे. हा उशीर येतो साठवणीतून. प्रथिन लगेच तयार होत नाही आणि लगेच नाहीसं होत नाही. तीन प्रथिनं एकसारखी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० अंश येतात. पण उशीर फुकट मिळत नाही. जी पायरी लाटेला ६० अंश मागे ढकलते, ती लाटेची उंचीही निम्मी करते. लाट जिवंत ठेवायची तर प्रत्येक दुव्यानं ती निदान दुप्पट केली पाहिजे, म्हणजे जोर २ च्या वर हवा. आणि घातांक २ असेल तर जोर २ पर्यंत पोचतच नाही, हे आपण आत्ताच बघितलं.

म्हणजे तीन प्रथिनांचं वर्तुळ, घातांक २, दोलन अशक्य. प्रमोटर कितीही ताकदीचा घ्या.

मग एलोविट्झ आणि लेब्लर यांच्या मॉडेलमध्ये दोलनं आली कशी? त्यांनी एमआरएनए वगळला नव्हता. तो धरला की वर्तुळात तीनऐवजी सहा पायऱ्या होतात. तेच १८० अंश सहा जणांत वाटले जातात, प्रत्येकी ३०. आणि ३० अंशांचा उशीर लाटेची उंची निम्मी करत नाही, साधारण ८७ टक्के शाबूत ठेवतो. एका दुव्यात अशा दोन पायऱ्या, म्हणून ७५ टक्के शिल्लक. आता भरून काढायचं नुकसान कमी आहे, जोर १.३३ च्या वर असला की भागतं. हा हिशोब एमआरएनए आणि प्रथिन यांची आयुष्यं सारखी असतील तेव्हाचा. त्यांच्या २ आणि १० मिनिटांसाठी मी तो केला तर उंबरठा १.५२ येतो. घातांक २ त्याच्या आरामात वर आहे.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. जिवाणू तोच, जनुकं तीच, घातांकही तोच. मॉडेल लिहिताना तुम्ही एमआरएनए ‘झटपट बदलतो, सोडून देऊ’ असं म्हणालात तर उत्तर ‘डोलणार नाही’. सोडला नाही तर ‘डोलेल’. एमआरएनए सोडून देणं हे या क्षेत्रात अगदी रोजचं काम आहे, समीकरणं निम्मी होतात म्हणून सर्रास केलं जातं. त्यात चूक असं काही नाही. पण ते केलं की घातांक २ ला आधीचा अर्थ उरत नाही, आणि मग कुणीतरी तो हळूच ३ किंवा ४ करतो, कारण दोलन तर ‘यायला हवं’. अशा वेळी तो आकडा प्रथिनाबद्दल काही सांगत नाही. आपण काय काय गाळलं त्याची ती भरपाई असते.

हा घोळ नवा नाही. ब्रायन गुडविन यांनी १९६० च्या दशकात याहून साधं वर्तुळ मांडलं होतं: एक जनुक, त्याचा एमआरएनए, त्याचं प्रथिन, त्या प्रथिनानं बनवलेला पदार्थ, आणि तो पदार्थ परत त्याच जनुकाला दाबतो. ग्रिफिथ यांनी १९६८ मध्ये दाखवलं की यात दोलन हवं तर घातांक ८ च्या वर हवा. आपल्या हिशोबानंही तेच येतं. तीन पायऱ्या, तीनदा निम्मं, म्हणजे उरला आठवा भाग, आणि भरपाई करणारा दुवा मात्र एकच. एका प्रमोटरसाठी ८ हा घातांक पटण्यासारखा नाही. तरीही घातांक ९ किंवा १० टाकून हे मॉडेल दैनंदिन घड्याळांसाठी, म्हणजे शरीरातल्या दिवस-रात्रीच्या लयीसाठी, नंतरही वापरलं गेलं. इथे निदान आकडा इतका मोठा आहे की वाचणारा दचकतो. २ हा आकडा पाहून कुणी दचकत नाही, आणि माझ्या मते जास्त फसवा तोच आहे.

‘अहो, पण २ ला आधार आहे,’ असं इथे कुणी म्हणेल. ही प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात, म्हणून २. हा युक्तिवाद ऐकायला ठीक वाटतो, पण जरा खणून बघा. टेटआर जोडीनं बसतो हे खरं. मात्र त्याची जोडी मुळातच इतकी घट्ट असते की पेशीत सुटा टेटआर फारसा नसतोच. सगळेच जोडीनं फिरत असतील तर एकूण टेटआर दुप्पट झाल्यावर जोड्याही दुप्पटच होतात, चौपट नाही. मग वर्ग आला कुठून? सुटे रेणू भरपूर आणि जोड्या विरळ, अशी स्थिती असेल तरच जोडीमुळे घातांक २ होतो. जोडी असणं आणि घातांक २ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं समर्थन असं की प्रमोटरवर टेटआरसाठी दोन जागा आहेत. बरोबर, आहेत. समजा त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत आणि कुठलीही एक भरली तरी जनुक गप्प होतं. मग सूत्र वेगळं होतं: १ अधिक प्रथिन, या सगळ्याचा वर्ग. हिलच्या सूत्रात वर्ग फक्त प्रथिनाचा असतो. कागदावर कंस थोडासा सरकला इतकंच. जोराची मर्यादा दोन्हीकडे २ च. पण सारख्या आयुष्यांच्या सोप्या मॉडेलमध्ये हिशोब केला तर हिलच्या सूत्रात दोलनासाठी प्रमोटरची कमाल ताकद, उंबरठ्याच्या मापात, ४.२४ च्या वर असली की पुरते. कंस सरकवलेल्या सूत्रात ती १८ च्या वर हवी. चौपटीहून जास्त. तक्त्यात मात्र दोन्ही ठिकाणी ‘२’ असंच दिसलं असतं.

आता न्यायानं बोलायचं तर एलोविट्झ आणि लेब्लर यांनी २ हा आकडा मोजल्याचा दावा कुठेही केलेला नाही. आपलं मॉडेल ढोबळ आहे आणि ते नेमके आकडे भाकीत करण्यासाठी नाही, हे त्यांच्या मांडणीत स्पष्ट आहे. रेणूंची संख्या थोडी असल्यामुळे येणारा गोंधळ त्यांनी त्याच पेपरात संगणकावर चालवून दाखवला. प्रत्यक्षात सगळ्या पेशी डोलल्या नाहीत, साधारण ४० टक्के पेशींमध्येच दोलन दिसलं, हेही त्यांनी लपवलं नाही. माझी तक्रार पेपरापेक्षा त्याच्या गोष्टीशी आहे. ‘मॉडेलनं सांगितलं, बांधलं, चाललं’ या गोष्टीत हे ४० टक्के कुठे असतात? पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तर एकच सुबक पेशी असते.

आणि या गोष्टीचा उत्तरार्ध फार थोड्या वर्गांत शिकवला जातो.

२०१६ मध्ये हार्वर्डमधल्या योहान पॉलसन यांच्या गटानं रिप्रेसिलेटर पुन्हा हातात घेतला. नवे नियंत्रण दुवे जोडण्यापेक्षा आहे त्यातलं काय काढून टाकता येईल, असा प्रश्न त्यांनी विचारला. आणि काढलं काय? तीच शेपटी! जी मॉडेलनं लावायला सांगितली होती, जिच्यामुळे प्रथिनं लवकर नष्ट होत होती. शेपटी नाही म्हणजे प्रथिनाचं प्रमाण कमी व्हायला एकच वाट उरते: पेशी वाढते, विभागते, आणि प्रथिन पातळ होत जातं.

आपल्या हिशोबानं हे पाऊल उलट्या दिशेचं आहे. प्रथिनाचं आयुष्य १० मिनिटांऐवजी समजा ३० मिनिटं झालं आणि एमआरएनएचं २ च राहिलं, तर दोलनाचा उंबरठा १.५२ वरून १.७४ वर चढतो. वर्तुळ डोलणं अवघड व्हायला हवं. प्रत्यक्षात घड्याळ आधीच्यापेक्षा कितीतरी नियमित झालं. त्यांच्या सुधारित वर्तुळांपैकी काहींचं एक चक्र १४ पिढ्यांचं होतं, आणि एकेकट्या पेशी शेकडो पिढ्या आपला ठेका सांभाळून होत्या. इतक्या, की आपापसात कुठलाही संवाद नसताना फ्लास्कमधल्या सगळ्या पेशी एका तालात डोलत होत्या. पालखीसोबत चालणाऱ्या दिंडीत टाळ एकत्र वाजतात कारण लोक एकमेकांना ऐकतात. इथे कुणीच कुणाला ऐकत नव्हतं.

मग मॉडेल चुकलं का? मला वाटतं ते चुकलं नाही, ते भलत्याच गोष्टीकडे बघत होतं. शेपटी लावलेली सगळी प्रथिनं त्याच मोजक्या प्रोटिएजच्या दारात रांग लावतात. रेशनच्या दुकानासारखं आहे: एकाची गर्दी वाढली की दुसऱ्याला उशीर. म्हणजे तीन प्रथिनं एकमेकांशी फक्त दमनातून बोलतात हे मॉडेलचं गृहीतकच कोलमडतं, मागच्या दारानं ती एकमेकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करत असतात. प्रकाश देणाऱ्या प्रथिनालाही तशीच शेपटी होती, म्हणजे घड्याळाचा काटाही त्याच रांगेत उभा होता. समीकरणात यातलं काहीही नव्हतं. समीकरणात होतं ‘अर्धायुष्य १० मिनिटं’, आणि शेजारी एक शांत, देखणा स्थिरांक.

आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्या घातांकाशी थेट जोडलेली आहे. टेटआरला फार थोड्या रेणूंतच काम भागवता येतं. थोडे रेणू म्हणजे नशिबाचा खेळ जास्त, एखाद्या पेशीत चार उरले, दुसरीत नऊ. यावर त्या गटानं टेटआरला चिकटायला भरपूर फालतू जागा असलेलं एक प्लाझमिड पेशीत ठेवलं. त्याला स्पंज म्हणतात. आधी या जागा भरायच्या, मग उरलेल्या टेटआरनं जनुक दाबायचं. त्यामुळे उंबरठा वर गेला आणि गोंधळ कमी झाला. पण स्पंज आणखी एक काम करतो. बादली भरेपर्यंत बाहेर थेंब नाही आणि भरली की भळाभळा, तसा आलेखाचा चढ तीव्र होतो. अशा शोषणामुळे चढ वाढतो हे बुक्लर आणि लुइस यांनी २००८ मध्येच सविस्तर मांडलं होतं. म्हणजे टेटआरच्या एकाही अणूला हात न लावता तुम्ही त्याचा ‘हिल घातांक’ बदलू शकता. मग हा घातांक टेटआरचा होता असं कसं म्हणायचं? प्रमोटर किती प्रती आहेत, पेशीत आणखी काय काय तरंगतंय, जोड्या किती घट्ट आहेत, या सगळ्यांच्या बेरजेतून तो येतो. आपण तो टेटआर नावाच्या ओळीत लिहितो, बास.

इथे एक हुशार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. २००७ मध्ये गुटेनकुन्स्ट, सेथना आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्रातली १७ प्रसिद्ध मॉडेलं तपासली. सगळ्यांत त्यांना एकच खोड सापडली: बहुतेक पॅरामीटर्स, किंवा त्यांची बहुतेक मिश्रणं, कितीही इकडेतिकडे केली तरी मॉडेलचं वागणं फारसं बदलत नाही, आणि मोजक्या मिश्रणांना मात्र जरासा धक्का लागला की सगळं बदलतं. म्हणून एकेक पॅरामीटर अचूक मोजत बसण्यापेक्षा मॉडेल काय भाकीत करतं त्याकडे लक्ष द्या, असं त्यांचं म्हणणं. मग एका घातांकावरून इतका त्रागा कशाला?

हा निष्कर्ष मला मान्य आहे, त्याचा वापर मान्य नाही. बहुतेक पॅरामीटर्स ढिले असतात याचा अर्थ काही फार ताठ असतात, आणि डोलेल की नाही या प्रश्नापुरता जोर हा ताठ असणाऱ्यांपैकी आहे. वरचे सगळे उंबरठे बघा, त्यांत प्रमोटरच्या नेमक्या वेगाला पुष्कळ मोकळीक आहे. घातांकाला १.३३ आणि २ यांच्यामधली चिंचोळी पट्टी मिळते. नेमकं तिथेच आपण ‘गृहीत’ लिहून मोकळे होतो. मॉडेल ढोबळ आहे हे उत्तरही इथे पुरत नाही. डोलेल की नाही हा ढोबळच प्रश्न आहे, आणि त्याचंच उत्तर या आकड्यावर टांगलेलं आहे.

शिवाय हा आकडा मोजता येत नाही असंही नाही. २००५ मध्ये रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी (होय, तेच एलोविट्झ) सायन्समध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि मला विचाराल तर तो रिप्रेसिलेटरपेक्षाही सुंदर आहे, गाजला मात्र त्यामानानं कमी. त्यांनी पेशीत सीआय हे प्रथिन चमकणाऱ्या रूपात भरलं आणि मग त्याचं उत्पादन बंद केलं. पुढे काहीच करायचं नाही, पेशींना विभागू द्यायचं. प्रत्येक विभागणीत सीआय निम्मं होतं, आणि सीआय ज्या जनुकाला दाबत होतं ते हळूहळू जागं होतं. त्याच्या प्रकाशाचा रंग वेगळा. पेशी स्वतःच मोजपट्टी होते: एका पिढीत निम्मं, दुसरीत पाव. विभागणीत रेणू दोन लेकींत अगदी समसमान वाटले जात नाहीत, आणि ही असमानता किती आहे त्यावरून मूळ रेणू किती होते तेही काढता येतं. मुठीतल्या चिंचोक्यांचे डोळे मिटून दोन वाटे केले तर ते किती असमान पडतात, यावरून मुळात किती होते याचा अंदाज बांधता येतो, तसंच. म्हणजे नुसता ‘प्रकाश’ नाही, रेणूंची संख्या हातात येते आणि पुरा आलेख काढता येतो.

त्या आलेखातून आलेला घातांक साधारण २.४, अधिक-उणे ०.३. मग त्यांनी प्रमोटरवरची सीआयची एक जागा बिघडवलेला प्रकार घेतला. त्याचा घातांक १.७, पुन्हा अधिक-उणे ०.३. इथे शेजारचा रकाना रिकामा नाही, तिथे कित्येक पेशींच्या कित्येक तासांच्या चित्रफिती आहेत.

आता हे दोन आकडे आपल्या उंबरठ्यांशेजारी ठेवा. एमआरएनए गाळलेल्या मॉडेलला २ च्या वरचा घातांक हवा होता. २.४ पास होतो, १.७ नापास. शेपटीसह, एमआरएनए धरून, १.५२ पुरतो, तिथे १.७ सुद्धा पास. शेपटी काढून ३० मिनिटांचं आयुष्य धरलं तर १.७४ लागतो, आणि १.७ अधिक-उणे ०.३ त्याच्या दोन्ही बाजूंना पडतो.